विशेष गरजा असलेलं मूल दत्तक घेताना : सरकारी मदतीसाठी कागदांची तयारी

विशेष गरजा असलेलं मूल दत्तक घेतलं म्हणून दरमहा खात्यात रक्कम जमा करणारी योजना केंद्र सरकारकडे नाही. मदत आहे आणि ती बरीच आहे, पण ती दत्तकाला नाही, मुलाच्या अपंगत्वाला किंवा आजाराला जोडलेली आहे. शिवाय ती आरोग्य, शिक्षण, आयकर, दिव्यांग कल्याण अशा वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेली आहे. म्हणून कागद कोणत्या क्रमाने करायचे हे मूल घरी येण्याआधीच ठरवून ठेवा.

कारिंग्ज या केंद्र सरकारच्या दत्तक पोर्टलवर मुलाचा वैद्यकीय अहवाल मिळाला की तो आपल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि एक प्रश्न नक्की विचारा : या मुलाला 40 टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळू शकेल का? सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो. दत्तक नियमांतल्या ‘विशेष गरजा’ वेगळ्या आणि 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातले 21 प्रकार वेगळे. फाटलेला ओठ, हृदयाला छिद्र, हेपटायटिस बी अशा मुलांना हे प्रमाणपत्र सहसा मिळत नाही. फाटलेला ओठ, जन्मजात हृदयदोष, वाकडी पावलं यांच्या उपचाराचा रस्ता राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जातो. त्यासाठी या कार्यक्रमाच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जा.

दत्तक संस्थेतून मूल घेताना लसीकरण कार्ड, डिस्चार्ज कार्डं, एक्स-रे, कानाची बेरा चाचणी आणि आधीचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) असेल तर तेही मागून घ्या. संस्थेत असताना मुलाला एडिप या केंद्राच्या सहाय्यक साहित्य योजनेतून श्रवणयंत्र किंवा कॅलिपर मिळाला होता का, कधी मिळाला, हेही लिहून घ्या. 12 वर्षांखालच्या मुलाला त्याच कामासाठी पुन्हा साहित्य मिळायला एक वर्ष जावं लागतं. तारीख माहीत नसेल तर साहित्य वाटपाच्या शिबिरातून रिकाम्या हाताने परतावं लागतं.

1 सप्टेंबर 2022पासून दत्तक आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. आदेश हातात पडला की तिथेच उभं राहून वाचा : मुलाचं नवं नाव, आई-वडिलांची नावं, जन्मतारीख, इंग्रजी स्पेलिंग. पुढचे सगळे अर्ज अडतात ते एका अक्षरावरून. प्रमाणित प्रती तीन तरी घ्या. आदेशावरून जन्मदाखला, दाखल्यावरून आधार, मग रेशनकार्डात नाव आणि मग यूडीआयडी, हा क्रम मोडू नका. संस्थेने आधार आधीच काढलं असेल तर दुसरं काढू नका, त्याच क्रमांकावर नाव-पत्ता बदलून घ्या. बोटांचे ठसे आधी घेतलेले असतील तर नवी नोंदणी दुबार म्हणून नाकारली जाते. यूडीआयडीचंही तसंच, दुरुस्तीचाच अर्ज करा.

रेशनकार्डाचं काम उद्यावर टाकू नका. त्याच कार्डावरून महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण फक्त योजनेतल्या रुग्णालयात आणि पूर्वमंजुरीनंतर. आधी शस्त्रक्रिया करून मग बिल दाखवलं तर पैसे परत मिळत नाहीत.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी यांचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा. तपासणी सिव्हिल हॉस्पिटलात होते. 40 टक्क्यांखाली पांढरं कार्ड, 40 ते 79 पिवळं, 80च्या पुढे निळं. बौद्धिक वाढीच्या अडचणीत वयाचं एक वर्ष पूर्ण होण्याआधी प्रमाणपत्र मिळत नाही आणि पाच वर्षांपर्यंत मिळतं ते तात्पुरतं. त्यावरची मुदत संपण्याच्या तीन महिने आधीच फेरतपासणीची वेळ घ्या. मुदत उलटली की पुढच्या वर्षाची करसवलतही अडकते.

ही सवलत म्हणजे दिव्यांग मुलाच्या पालकांना मिळणारी आयकरातली वजावट, 1961च्या कायद्यात ती कलम 80डीडी होती. 40 टक्क्यांपासून 75,000 आणि 80 टक्क्यांपासून 1,25,000 रुपयांची सरसकट वजावट मिळते, खर्चाचा हिशेब लागत नाही. ती फक्त जुन्या करप्रणालीत आहे, म्हणून दोन्ही आकडे मांडून मगच प्रणाली निवडा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगतेसाठी वेगळा वैद्यकीय फॉर्म लागतो, 1961च्या कायद्याखाली तो 10-आयए होता.

निरामय हा केंद्राचा आरोग्य विमा मतिमंदत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता या चारच प्रकारांना आहे. फक्त ऐकू न येणाऱ्या मुलाला नाही. कवच 1 लाखाचं, आधी वैद्यकीय तपासणी नाही आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो. मात्र खर्च आधी आपण करायचा, मग परतावा. त्यामुळे पावतीकडे बारकाईने बघा : मुलाचं नाव यूडीआयडीवर आहे अगदी तसंच, प्रत्येक सत्राची तारीख वेगळी, थेरपिस्टची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. ‘महिन्याची फिजिओथेरपी’ अशी एका ओळीची पावती दावा बुडवते. ती त्याच दिवशी बदलून घ्या, सहा महिन्यांनी कुणी बदलून देत नाही.

आई-वडिलांपैकी कुणी केंद्र सरकारी नोकरीत असेल तर दिव्यांग मुलाचा शिक्षण भत्ता दुप्पट मिळतो. 1 जानेवारी 2024पासून तो महिना 5,625 रुपये आहे. कार्यालयाच्या कुटुंब नोंदीत दत्तक मुलाचं नाव लगेच घाला, पुढच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठीही तीच नोंद पाहिली जाते. खासगी नोकरी असेल तर सामूहिक विम्यात नाव घालण्याची मुदत एचआरकडून लेखी मागून घ्या.

ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वनिधीतले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. त्यासाठीचे अर्ज ठरावीक काळातच घेतात, तेव्हा दिव्यांग कक्षात नाव आधीच नोंदवून ठेवा. शाळेसाठी, महाराष्ट्रात आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के राखीव जागांवर दिव्यांग मुलाला उत्पन्नाची अट नाही. 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र मात्र अर्ज भरताना हातात असावं लागतं, अर्ज केल्याची पावती चालत नाही. समग्र शिक्षा या सरकारी शिक्षण योजनेतला मदतनीस किंवा प्रवासभत्ता हवा असेल तर गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना शाळा सुरू होण्याआधी भेटा.