सीमारेषा डोंगरावरच काढा

भूशास्त्रीय मॅपिंगच्या माझ्या पहिल्या फील्डवर्कमध्ये मी दिवसभर नुसती रीडिंग घेतली. स्ट्राइक (कललेल्या थरावरच्या आडव्या रेषेची दिशा), डिप (थर किती आणि कुठल्या दिशेला कलला आहे ते), नमुन्याचा क्रमांक, वहीत सगळं जागच्या जागी. खडकांच्या सीमा मात्र रात्री खोलीवर काढू म्हणून ठेवून दिल्या.

रात्री कागद पुढे ओढला आणि अडलो. वालुकाश्म आणि शेल (चिखलापासून बनलेला, पापुद्रे सुटणारा खडक) यांची सीमा ओढ्याच्या दोन्ही उतारांवर आणि पात्रात मला सापडली होती. ते तीन बिंदू जोडल्यावर जो ‘व्ही’ तयार झाला, त्याचं टोक प्रवाहाच्या दिशेला होतं. थर प्रवाहाच्या दिशेला, तेही पात्राच्या उतारापेक्षा जास्त कोनात कललेले असले तरच असं होतं. माझ्या वहीत मात्र डिप उगमाकडे, ३० अंश!

दुसऱ्या दिवशी परत गेलो. ज्या खडकावर रीडिंग घेतलं होतं तो खोलीएवढा मोठा होता, म्हणून जागचाच असणार असं मी गृहीत धरलं होतं. आता भोवती फिरून पाहिलं तर खाली सगळीकडे माती, म्हणजे तो जागचा नव्हता. क्रॉस-बेडिंगनेही (मुख्य थराच्या आत तिरक्या बसलेल्या बारीक थरांच्या रचनेनेही) तेच सांगितलं. त्यातले तिरके थर वरच्या बाजूला कापले जातात आणि खाली निमुळते होत टेकतात. शेजारच्या खडकांत ते तसेच होते, या दगडात उलटे. तो वरून गडगडत आला होता.

सीमारेषा आदल्या दिवशी तिथेच काढली असती, तर ही विसंगती ओढ्यातच लक्षात आली असती. म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच: सीमा दिसली की तिच्यासोबत चालत जा आणि चालता चालताच नकाशावर उतरवा. प्रत्यक्ष दिसली तिथे सलग रेषा, अंदाज असेल तिथे तुटक, मातीखाली गेली तिथे ठिपके. हा फरक रात्री आठवून करता येत नाही.

उपकरणांबद्दल थोडंच. चुंबकीय दिक्पात (खरी उत्तर आणि कंपास दाखवतो ती उत्तर यांतला कोन) पहिल्याच सकाळी तपासा. हातोडा कंपासपासून लांब ठेवा. थराचा पृष्ठभाग खडबडीत असेल तर त्यावर वही टेकवून वहीवर डिप मोजा, आणि एका रीडिंगवर कधीच थांबू नका. जागा ठरवताना प्रमाण डोक्यात असू द्या: १:१०,००० च्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर १० मीटर, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलरेषासुद्धा ५ मीटरचा पट्टा झाकते.

संध्याकाळ पेन्सिलच्या रेषांवर शाई फिरवण्यासाठी ठेवा. दिवसभर हाताळून पेन्सिलच्या खुणा पुसट होतात, हे मला एका पावसाने शिकवलं.

ते ३० अंशांचं रीडिंग मी खोडलं नाही. त्यावर एक रेघ मारली, शेजारी तारीख आणि ‘सुटा दगड’ असं लिहिलं, आणि खऱ्या आउटक्रॉपवर (जमिनीवर उघड्या पडलेल्या जागच्या खडकावर) घेतलेली तीन रीडिंग त्याखाली नोंदवली.