उन्हाळ्यात गाडी गरम होते? आधी 'कधी' होते ते पाहा

एप्रिल-मे महिन्यात मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाट चढणाऱ्या गाडीची खरी परीक्षा होते. भर दुपार, एसी चालू, गाडीत पाच माणसं आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ट्रकच्या मागे रांगत जाणं. कूलिंगमध्ये एरवी लपून राहिलेला दोष इथे उघडा पडतो. तरीही एक लक्षात ठेवा: सगळं नीट असलेली गाडी 40-42 अंशांतही गरम होत नाही. ऊन कारण नसतं, दोष गाडीतच असतो.

रस्त्यात तापमानाचा काटा चढला तर

लगेच एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात ठेवा, काचा उघडा. हीटरमधूनही इंजिनातली बरीच उष्णता बाहेर पडते. बऱ्याच नव्या गाड्यांना काटा नसतो, नुसता दिवा असतो. तो लाल झाला किंवा बोनेटमधून वाफ आली, तर "पुढच्या ढाब्यापर्यंत नेऊ" असं अजिबात करू नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा. अ‍ॅल्युमिनियमचं हेड (इंजिनाचा वरचा भाग) तापून वाकलं की हेड गॅस्केट (त्याखालचं सील) जातं, आणि दोन-तीनशे रुपयांच्या होज पाइपचं काम इंजिन खोलण्यावर येतं.

रेडिएटरचं (कूलंट गार करणाऱ्या जाळीचं) झाकण किमान अर्धा-पाऊण तास उघडू नका. आतला दाब साधारण 1 बार असतो, त्यामुळे कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) 120 अंशांपर्यंतही न उकळता राहतं. झाकण फिरवताच दाब सुटतो, सगळं एकदम उकळतं आणि तोंडावर उडतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

दोष कुठे आहे?

द्वारका चौकातल्या कोंडीत काटा चढतो आणि ओझरकडे मोकळा रस्ता लागताच उतरतो, तर रेडिएटरचा फॅन तपासा. इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत फॅन काही सेकंदांत फिरायला हवा. फिरला नाही तर आधी फ्यूज पाहा. मग फॅनचा रिले (विजेचा छोटा स्विच) काढून त्याच नंबरचा दुसरा, बहुधा हॉर्नचा, तिथे लावून बघा. तरीही हालचाल नसेल तर मोटर किंवा सेन्सर. हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. चावी बंद असली तरी काही गाड्यांत फॅन अचानक सुरू होतो.

उलट, गावात ठीक पण घाटात किंवा समृद्धीवर वेग धरला की गरम, तर कूलंट कमी आहे, नीट फिरत नाही किंवा रेडिएटर चोक झालाय. इंजिन तापत असताना रेडिएटरचा वरचा होज गारच राहिला तर थर्मोस्टॅट (तापल्यावर कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) बंद अवस्थेत अडकलाय. काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यात पाण्यासोबत तापवा. साधारण 82 ते 88 अंशांना उघडायला हवा, नेमका आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो. 'काढूनच टाका' हा सल्ला ऐकू नका. इंजिन नेहमी अर्धवट गार राहतं, पेट्रोल जास्त जातं आणि मूळ दोष तसाच राहतो.

टॉर्च घेऊन एसीचा कंडेन्सर (एसीची पुढची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत पाहा. लासलगाव-पिंपळगावकडे रोज फिरणाऱ्या गाड्यांत तिथे धूळ, किडे आणि कांद्याची सालं यांचा थर बसलेला सापडतो. इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, साध्या पाइपने धुवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून मारला तर जाळीची पातळ पाती आडवी होतात.

कूलंट बदलताना

बोरचं पाणी टाकणं हे रेडिएटर चोक होण्याचं मोठं कारण. त्यातले क्षार नळ्यांत जमतात, आणि नुसतं पाणी कूलंटपेक्षा कमी तापमानाला उकळतं. वाटेत अडलात तर जे मिळेल ते पाणी चालेल, पण घरी आल्यावर काढून टाका.

1. इंजिन पूर्ण गार झाल्यावर खालचा होज सोडून जुनं कूलंट भांड्यात घ्या. ते गोड लागतं आणि विषारी असतं; गटारात ओतू नका, मुलं आणि कुत्री दूर ठेवा.
2. डिस्टिल्ड वॉटर भरा, हीटर गरमवर ठेवून वरचा होज तापेपर्यंत इंजिन चालवा, गार करून पाणी सोडा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच करा.
3. धुतल्यावर लिटर-दीड लिटर पाणी इंजिनाच्या ब्लॉकमध्ये राहतंच. म्हणून आधीच पाणी मिसळलेल्या रेडी-मिक्सऐवजी बिनपाण्याचं कॉन्सन्ट्रेट घ्या. छोट्या गाडीची क्षमता 4 ते 6 लिटर असते. पुस्तिकेतल्या आकड्याच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट आधी ओता, उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा. रंगावर जाऊ नका, पुस्तिकेत दिलेला प्रकारच घ्या.
4. गाडीचं तोंड थोडं चढावर ठेवा. झाकण उघडं ठेवून गार इंजिन सुरू करा. बुडबुडे येतील, पातळी उतरेल, भरत राहा. बुडबुडे थांबले की झाकण लावा आणि फॅन दोनदा सुरू होऊन बंद होऊ द्या. हवा अडकून राहिली तर नवं कूलंट घालूनही गाडी गरम होते. रेडिएटरला झाकणच नसेल तर कूलंटच्या टाकीतून भरा आणि हवा काढायचा स्क्रू कुठे आहे ते पुस्तिकेत पाहा.

रेडिएटरच्या झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर तेवढ्याच बारचं नवं घ्या.

पुढचे आठ दिवस सकाळी, गाडी गार असताना, कूलंटच्या टाकीतली पातळी मिन आणि मॅक्सच्या मध्ये आहे का बघा. बाहेर कुठे गळती नसताना ती उतरत असेल, डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) दुधाळ ऑइल दिसलं किंवा सायलेन्सरमधून सतत गोडसर वासाचा पांढरा धूर आला, तर हेड गॅस्केटचा संशय धरा. गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय अशी गाडी घाटात नेऊ नका.