फोक रॉक बसवताय? या चुका टाळा, तालाची खाली तर अजिबात भरू नका

"भैया, मेरे लिए जगह तो छोड़ो." देवासकडून आलेले ढोलकवाले काका एवढंच म्हणाले आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. इंदूरला टिळकनगरातल्या एका गच्चीवर आमची फोक रॉकची, म्हणजे लोकगीत रॉकच्या साथीवर बसवायची, तालीम चालली होती. कबीराचं माळवी भजन, दोन गिटार, बेस, ड्रम आणि मुद्दाम बोलावलेली ढोलक. ड्रमचा ठेका मीच सांगितला होता, तेव्हा चूक माझीच.

भजन आठ मात्रांच्या कहरवा तालात होतं: धा गे ना ति, न क धि न. पाचव्या मात्रेला खाली, म्हणजे तालातली हलकी जागा, येते. डाव्या पुडीचा घुमारा थांबतो आणि सातव्या मात्रेच्या ‘धि’वर परत येतो. मधल्या त्या रिकाम्या जागेतच भजन झुलतं. रॉकचा नेहमीचा ठेका मात्र पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) मारतो, तिसऱ्या आणि सातव्यावर स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम). म्हणजे जिथे काहीच नको तिथे सगळ्यांत जड ठोका, आणि ‘धि’ परत येतो तिथे स्नेअरचा फटका. ढोलकवाल्याने वाजवायचं कुठे?

उपाय सोपा आहे. पाचव्या मात्रेवरची किक काढा आणि सातव्यावर ‘धि’बरोबर द्या. स्नेअर फक्त तिसऱ्यावर, तोही काठी आडवी ठेवून कडेवर हलका. मंजिरा वाजत असेल तर हाय-हॅट (ड्रमच्या संचातल्या झांजा) बंद, कारण दोन्हींचा आवाज एकाच उंचीवर भांडतो. त्या संध्याकाळी एवढंच बदललं. काकांनी चार आवर्तनं नुसती ऐकली, पाचव्यात हात उचलला आणि डाव्या पुडीवर मनगट दाबत असा लांब घुमारा काढला की बेसवाला स्वतःचं वाजवणं विसरून त्यांच्या हाताकडे बघत राहिला.

मी एवढा वेळ तालावर घालवतो, कारण फोक रॉकचं वेगळेपण तिथेच आहे. अकूस्टिक गिटार घेऊन गायलेलं प्रत्येक हळवं गाणं फोक रॉक नसतं, हा पहिला गैरसमज. रॉकच्या गाण्यात दोन ओळी लोकगीताच्या घातल्या, तरी तो फोक रॉक होत नाही. या प्रकारात गाण्याचा सांगाडा लोकगीताचा राहतो: एकच चाल, कडव्यामागून कडवं, गोष्ट पुढे सरकत जाते. आणि त्या सांगाड्याला इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रमची ताकद मिळते. दोन्हींपैकी एक जरी सुटलं, तरी ते दुसरंच काहीतरी होतं.

हे नाव रूढ झालं 1965 मध्ये, अमेरिकेत. त्या वर्षी द बर्ड्‌स या बँडने बॉब डिलनचं एक गाणं बारा तारांच्या इलेक्ट्रिक गिटारवर घेतलं. त्याची लय बदलली, चारपैकी एकच कडवं ठेवलं आणि ते जूनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. जुलैत डिलन स्वतः न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा श्रोत्यांतल्या काहींनी हुर्यो केली. इंग्लंडमध्ये वाट वेगळी होती. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडच्या ॲशली हचिंग्जने लंडनच्या सेसिल शार्प हाउस या लोकसंगीताच्या केंद्राच्या ग्रंथालयात जाऊन जुनी गाणी शोधली. 1969 च्या त्यांच्या अल्बममध्ये सतराव्या शतकापासून चालत आलेलं एक कथागीत आहे. ते आठ मिनिटं चालतं आणि गोष्ट शेवटपर्यंत सांगितली जाते. मला हीच वाट आपल्या जवळची वाटते. आपल्याकडे गाणी आहेत, ती ज्यांच्या गळ्यात आहेत ती माणसंही आहेत.

दुसरी मोठी चूक कॉर्डची. इंटरनेटवरून चार कॉर्डचा (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर) साचा उचलायचा आणि कुठल्याही भजनाखाली सारायचा. माळवी भजनाच्या मागे पाच तारांचा तंबूर असतो, माळव्याचे कबीरगायक प्रल्हादसिंह टिपानियांच्या हातात आपण पाहतो तसा. तो षड्ज धरून बसतो, चाल त्याच्याभोवती फिरते. खाली कॉर्ड सरकू लागले की षड्जच हलतो. त्यात चालीत कोमल गंधार असेल आणि गिटारवर मेजर कॉर्ड, तर शुद्ध आणि कोमल गंधार एकमेकांवर घासतात. गायिका बेसूर झाली असं सगळ्यांना वाटतं आणि बिचारी उगाच ओशाळते.

यावर ब्रिटिश लोकसंगीताच्या गिटारवाल्यांनी वापरलेली तारांची एक जुळणी आपल्याला फार उपयोगी आहे: डी ए डी जी ए डी. डीला सा मानलं तर ती होते सा प सा म प सा. गंधार नाहीच, म्हणजे भांडण नाही. गायकाचा स्वर काळी दोन असेल तर गिटारच्या पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, काळी एक असेल तर सगळ्या तारा अर्ध्या स्वराने उतरवा. डिस्टॉर्शनची, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजाची, गिटार हवीच असेल तर फक्त सा आणि प वाजवा.

ओवीची गोष्ट आणखी नाजूक. घरात आजीने जात्यावर म्हटलेली ओवी साडेतीन चरणांची. शेवटचा चरण तोकडा असतो, तिथे श्वास घ्यायला जागा मिळते. मुलं ती चार-चार बारच्या चौकटीत बसवतात आणि शेवटचा शब्द ओढून ओढून जागा भरतात. ओढू नका. चरण संपला की गळा थांबू द्या, उरलेल्या जागेत बेसला दोन स्वर द्या किंवा बार अर्ध्यावर तोडून पुढची ओवी घ्या. क्लिक ट्रॅक (कानात वाजणारा ठरावीक लयीचा ठोका) लावूनच ध्वनिमुद्रण करायचं असेल, तर आधी आजीला हात फिरवत म्हणायला सांगा आणि लय तिच्याकडून मोजून घ्या.

शब्द ऐकू येत नसतील तर गायकाचा आवाज वाढवू नका, गिटारच्या आवाजातला मधल्या स्वरांचा पट्टा कमी करा. सोलो लांबला तर गोष्ट तुटते, एका कडव्याएवढा पुरे. गाणं कुठल्या गावात, कोणाकडून ऐकलं ते कार्यक्रमात सांगा. ‘पारंपरिक’ एवढं म्हणून सुटका करून घेऊ नका.

आणि ऐका. कुमार गंधर्व 1948 साली देवासला आले आणि माळवी लोकगीतं त्यांनी वर्षानुवर्षं मन लावून ऐकली, मग त्यांतून त्यांचं गाणं वेगळं झालं. दिल्लीच्या इंडियन ओशन बँडचं ‘मा रेवा’ हे नर्मदेचं गाणं राहुल रामने नर्मदा खोऱ्यात, नर्मदा बचाव आंदोलनाच्या काळात लोकांकडून घेतलं. त्याच नर्मदेचं पाणी इंदूरला आपल्या नळाला येतं. गाणी तर त्याहूनही जवळ आहेत.

एक चूक मात्र मी कोणालाही करू देत नाही. वेळ कमी पडतो म्हणून मुलं भजनाचं शेवटचं कडवं गाळतात, आणि नेमकी तिथेच ‘कहे कबीर’ अशी कवीच्या नावाची छाप असते. कापायचंच असेल तर मधलं कडवं कापा. छाप येते त्या ओळीवर आम्ही आता ड्रम थांबवतो, गिटारवाला तळवा ठेवून तारा मुक्या करतो आणि काकांची ढोलक एकटी चालते.