परदेशात तंबूसाठी साधी जागा कशी शोधावी

युरोपात इंग्रजीतून ‘कॅम्पिंग’ शोधलं की पोहण्याचे तलाव अन् घसरगुंड्यावाली महाग ठिकाणंच वर येतात. वावरात जागलीला झोपलेल्या आपल्या वर्धा-यवतमाळकडच्या माणसाला हा थाट कशाला? नळ, संडास अन् सपाट गवत असलं की झालं.

१. शोध त्या देशाच्या भाषेत घ्या. भाषांतराच्या ॲपमध्ये ‘शेतावरचं कॅम्पिंग’ लिहा, आलेले शब्द नकाशाच्या शोधपट्टीत चिकटवा. फ्रान्समध्ये ‘कॅम्पिंग आ ला फेर्म’ म्हणजे शेतकऱ्याच्याच जागेत मोजके तंबू. ‘कॅम्पिंग म्युनिसिपाल’ गावच्या नगरपालिकेचं. तेही बहुधा साधं अन् स्वस्त.

२. मग उपग्रहचित्र उघडा. एकसारख्या खोक्यांच्या, म्हणजे भाड्यानं द्यायच्या तयार घरांच्या, रांगा दिसल्या तर पुढं चला. झाडं अन् मोकळं गवत दिसलं तर फोटो पाहा.

३. ऑरगॅनिक मॅप्स या नकाशाच्या ॲपमध्ये त्या भागाचा नकाशा निघण्याआधीच उतरवून ठेवा. नेट नसलं तरी चालतो.

४. नॉर्वेत न कसलेल्या मोकळ्या जमिनीवर तंबू फुकट लावता येतो, मात्र राहत्या घरापासून किमान १५० मीटर दूर. दोन रात्रींहून जास्त थांबायचं तर सहसा मालकाला विचारावं लागतं. पेरलेल्या वावरात अर्थातच नाही.

एक जपा: शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा) मुक्कामाचा पुरावा लागतो, अन् माळावरच्या रात्रीचा कागद कोण देणार? म्हणून ज्याच्या शेतावर तंबू लावणार त्या शेतकऱ्याकडून तुमचं नाव अन् तारखा असलेला ईमेल अर्जाआधीच मागून घ्या.