विमान ओळखावं कसं, नोंदवावं कसं आणि ग्रुपवर टाकावं कसं

डोक्यावरून विमान गेलं की मान वर करणारे पुष्कळ असतात. त्यातला एखादा घरी येऊन वहीत तारीख, वेळ, धावपट्टी आणि विमानाचा नंबर लिहून ठेवतो. प्लेन स्पॉटिंग, म्हणजे विमानं बघून ओळखण्याचा आणि नोंदवण्याचा छंद, सुरू होतो तो त्या वहीपासून. कॅमेरा, लेन्स, अ‍ॅप हे सगळं नंतरचं. नोंद खरी असेल तर ती किती मोलाची ठरते, हे २००० च्या दशकात दिसलं. अमेरिकेची गुप्तचर संस्था संशयितांना गुपचूप एका देशातून दुसऱ्या देशात नेत होती. त्या विमानांचा माग काढताना पत्रकारांना आणि युरोपातल्या चौकशी करणाऱ्यांना वेगवेगळ्या विमानतळांवरच्या साध्या स्पॉटरांचे फोटो आणि नोंदी कामी आल्या. नोंदी करणाऱ्यांना त्या वेळी याची कल्पनाही नव्हती. त्यांनी फक्त जे दिसलं ते लिहिलं होतं.

या छंदातली बहुतेक शिस्त, कुंपणापाशीची आणि ऑनलाइनचीही, एवढ्यावरच उभी आहे: जे पाहिलं ते लिहायचं, जे नाही पाहिलं ते नाही.

पायरी १: आधी वारा बघा

विमानं वाऱ्याच्या तोंडाला उतरतात आणि उडतात. म्हणून घराबाहेर पडण्याआधी वारा कुठून येतोय ते पाहायचं. विमानतळाचा हवामान संदेश, म्हणजे मेटार, कुणालाही वाचता येतो. त्यात २४०१२केटी असं दिसलं तर वारा २४० अंशांकडून, म्हणजे साधारण नैऋत्येकडून, १२ नॉट (ताशी सागरी मैल) वेगाने येतोय, असा अर्थ. धावपट्टीचे आकडेही अंशांचेच असतात, फक्त शेवटचं शून्य काढलेलं. ०९ म्हणजे साधारण पूर्वेकडे तोंड. तीच पट्टी उलट बाजूने २७ होते, कारण दोन टोकांत १८० अंशांचा फरक. वारा २४० वरून असेल तर २७ वापरात असण्याची शक्यता मोठी, म्हणजे विमानं पूर्वेच्या टोकाकडून उतरताना दिसतील.

काही ठिकाणी वाऱ्याखेरीज इतरही नियम असतात. लंडनच्या हीथ्रोवर पश्चिमेकडे तोंड करून उतरणं चालू असताना आसपासच्या वस्तीला आवाजापासून विसावा मिळावा म्हणून दुपारी ३ वाजता उतरण्याची पट्टी बदलतात. हे माहीत नसलेला माणूस सकाळपासून धरलेल्या जागी रिकामं आकाश बघत बसतो. जागा निवडताना सूर्य पाठीशी राहील एवढंही पाहा.

पायरी २: उभं कुठं राहायचं, कुठं नाही

सार्वजनिक जागा, कुंपणापासून हातभर लांब, आणीबाणीच्या फाटकासमोर कधीही नाही. सुरक्षा कर्मचारी आला तर कॅमेरा बॅगेत लपवू नका. काय करताय ते शांतपणे सांगा, वही दाखवा. तो ‘निघा’ म्हणाला तर निघा. हक्काचा वाद तिथं घातला तर त्याचा त्रास तुमच्यानंतर येणाऱ्याला होतो. मी ज्या जागी पहिल्यांदा शिकलो ती जागा अशाच एका भांडणानंतर सगळ्यांना बंद झाली, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

लष्करी तळ असलेला विमानतळ असेल तर त्या देशाचा कायदा आधी वाचा. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधल्या कालामाता इथल्या हवाई तळावर १४ स्पॉटरांना अटक झाली. त्यांत १२ ब्रिटिश आणि २ डच होते. एप्रिल २००२ मध्ये ते हेरगिरीच्या खटल्यात दोषी ठरले आणि अपिलात सुटायला त्याच वर्षीचा नोव्हेंबर उजाडला. आपल्या देशात निरुपद्रवी मानलेली वही दुसरीकडे पुरावा ठरू शकते. रेडिओचंही तसंच. वैमानिक आणि टॉवर यांचं बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतं. अमेरिकेत ते ऐकायला हरकत नाही, ब्रिटनमध्ये तो गुन्हा आहे.

ड्रोन आणि लेझर यांबद्दल चर्चाच नको. दोन्ही घरी. आणि उडणाऱ्या विमानाच्या मागे कधीही उभं राहू नका. सेंट मार्टिन बेटावरचा माहो समुद्रकिनारा धावपट्टीला अगदी खेटून आहे, जगभरचे लोक तिथं जातात. तिथंच जुलै २०१७ मध्ये इंजिनाच्या झोताने फेकली गेल्यामुळे एका महिलेचा मृत्यू झाला.

पायरी ३: ओळखायला शिका

दुसऱ्या महायुद्धात निरीक्षकांना एक क्रम शिकवत: पंख, इंजिन, धड, शेपूट. आजही मी याच क्रमाने बघतो, कारण रंग आणि कंपनीचं नाव फसवतं. एकाच कंपनीकडे दहा प्रकारची विमानं असतात.

सुरुवात बोइंग ७३७ आणि एअरबस ए३२० या जोडीपासून करा, सगळ्यात जास्त हीच दिसतात. ७३७ चं नाक टोकदार, ए३२० चं गोलसर. ७३७ ची शेपूट धडाला मिळते तिथं पुढे एक तिरका उतार असतो, ए३२० ची शेपूट सरळ उठते. आणि खात्रीची खूण पोटाखाली: ७३७ च्या मुख्य चाकांना झाकणारी पूर्ण दारं नसतात, त्यामुळे चाकं आत घेतल्यावरही दोन काळी वर्तुळं दिसत राहतात.

मोठ्या विमानांत चाकं मोजा. बोइंग ७७७ च्या प्रत्येक मुख्य पायाला सहा चाकं, ए३३० ला चार. उतरताना ए३३० ची मागची चाकं खाली लोंबतात, ७६७ ची मात्र पुढची. ही खूण मला फार आवडते, कारण धुरकट आकाशात काळी आकृती दिसत असली तरी ती चुकत नाही. इंजिनाच्या मागच्या कडेला करवतीसारखे दात दिसले की ७८७ असं लगेच लिहू नका. ७३७ मॅक्सलाही ते असतात आणि ७४७-८ लाही. वैमानिकाच्या खिडक्यांभोवतीची काळी पट्टी ए३५० ची म्हणून प्रसिद्ध आहे, पण ए३३०निओलाही ती आहे. एका खुणेवर नाव लिहायचं नाही, दोन तरी हव्यात.

चार इंजिनांची विमानं दिसली तर मनापासून बघून घ्या. शेवटचं ए३८० डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहकाच्या हाती गेलं, शेवटचं ७४७ जानेवारी २०२३ मध्ये. या दोन्हींची नवी विमानं आता येणार नाहीत.

पायरी ४: नंबर वाचा, वही भरा

प्रत्येक विमानाला रजिस्ट्रेशन असतं, सहसा धडाच्या मागच्या भागावर लिहिलेलं. सुरुवातीची अक्षरं देश सांगतात: व्हीटी भारत, एन अमेरिका, जी ब्रिटन, डी जर्मनी, जेए जपान, ९व्ही सिंगापूर. विमान विकलं गेलं की रजिस्ट्रेशन बदलतं, कारखान्याने दिलेला अनुक्रमांक जन्मभर तोच राहतो. जमेल तेव्हा दोन्ही लिहा.

वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाण वेळेत, लिहिली तर इतर देशांतल्या नोंदींशी ताडता येते. आणि वहीत एक रकाना फक्त याच्यासाठी ठेवा: डोळ्यांनी वाचलं की अ‍ॅपवरून घेतलं. फोनवरचं अ‍ॅप विमानाकडून १०९० मेगाहर्ट्झवर येणारा एडीएस-बी संदेश दाखवतं, म्हणजे विमान स्वतःची ओळख आणि जागा आपणहून सांगतं तो संदेश. त्या संदेशात विमानाचा २४ बिटांचा पत्ता असतो, प्रकार आणि रजिस्ट्रेशन मात्र सहसा अ‍ॅपच्या यादीतून त्या पत्त्याला जोडलेलं असतं. यादी जुनी असेल तर स्क्रीनवर एक आणि आकाशात दुसरं, असं होतं. माझ्या वहीत अशा चुका निघाल्या आहेत. त्या खोडल्या नाहीत, शेजारी तारीख घालून दुरुस्ती लिहिली.

पायरी ५: फोटो

जेटसाठी शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास ठेवा. पंखा असलेल्या विमानाला १/१२५ ते १/२५० च घ्या, नाहीतर फिरता पंखा थिजलेला दिसतो आणि विमान बंद पडून लटकल्यासारखं वाटतं. कुंपणाच्या जाळीतून काढायचा असेल तर लेन्स जाळीच्या अगदी जवळ आणि लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) मोठं. भर दुपारी तापलेल्या धावपट्टीवरची हवा लहरते, तेव्हा कितीही महागडी लेन्स असली तरी फोटो विरघळल्यासारखा येतो. सकाळ बरी. निघण्याआधी कॅमेऱ्याचं घड्याळ मिनिटापर्यंत जुळवून घ्या. हे का, ते शेवटी येईल.

पायरी ६: ग्रुपवर टाकताना

फोटोखाली रजिस्ट्रेशन, प्रकार, विमानतळ आणि तारीख लिहा. फोटो तुमचा नसेल तर आधी विचारा, मग नावानिशी टाका. कोपऱ्यातलं नाव कापून टाकणं ही सरळ चोरी आहे. विजेचा खांब पुसला, चंद्र चिकटवला, तर तसं सांगा.

दुसऱ्याची चूक दिसली तर खूण दाखवा: ‘पायाला सहा चाकं दिसतायत, म्हणून ७७७ वाटतंय.’ एवढं पुरतं. नवा माणूस त्यातून चाकं मोजायला शिकतो. ‘एवढंही कळत नाही?’ म्हटलं तर तो फक्त गप्प बसायला शिकतो, आणि गप्प बसलेल्यांच्या नोंदी कुणालाच मिळत नाहीत. तुम्हाला कुणी दुरुस्त केलं तर पोस्ट उडवू नका. दुरुस्ती लिहा, आभार माना.

काही गोष्टी हातात असूनही टाकायच्या नाहीत. विमानतळावर नोकरीला असलेल्या मित्राने सांगितलेली आतली बातमी, कारण त्याची नोकरी जाऊ शकते. विमानं बघायला कुणी विश्वासाने दाखवलेली गच्ची. खासगी विमानातून उतरणाऱ्या माणसाचा चेहरा आणि तो आत्ता कुठं आहे ही माहिती. लष्करी हालचाल तर चालू असताना मुळीच नाही.

सगळ्यात जास्त संयम लागतो तो आणीबाणीत. अ‍ॅपवर वैमानिकाने लावलेला ७७०० हा कोड दिसला की ग्रुपवर धावपळ सुरू होते. ७५०० अपहरणाचा, ७६०० रेडिओ बंद पडल्याचा आणि ७७०० कुठल्याही आणीबाणीचा. प्रवासी आजारी पडला तरी तो लावतात. विमान उतरता उतरता पुन्हा वर गेलं, तर तेही नेहमीचंच, वैमानिक त्याचा सराव करतात. ‘अमुक विमानाने ७७०० लावलाय, खाली येतंय’ इथं थांबा. त्या विमानात कुणाची तरी आई बसलेली असते आणि तिची मुलं तुमची पोस्ट वाचत असतात.

अपघात झालाच तर कारणाचा अंदाज लिहू नका, जखमींचे फोटो टाकू नका. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा असतो, दोष देणं नाही, आणि प्राथमिक अहवाल ३० दिवसांत अपेक्षित असतो. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ काँकर्ड कोसळलं, त्यात विमानातले १०९ आणि जमिनीवरचे ४ जण गेले. मागे ज्वाला ओढत उडणाऱ्या त्या विमानाचे फोटो तिथं असलेल्या साध्या माणसांनी टिपलेले होते. तुमच्याकडे कधी असा फोटो आला तर तो सजवू नका, कापू नका. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा, कॅमेऱ्याचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे होतं ते कागदावर लिहा, आणि ग्रुपच्या आधी तपास यंत्रणेला कळवा.