फ्रेंच ऑर्मोलू घड्याळ घरात आहे? या चुका टाळा

समई घासायला घेतो तशी पितांबरी किंवा चिंच घेऊन बसलात, तर घड्याळाची वाट लागली म्हणून समजा. वर दिसतं ते पितळ नाही. ऑर्मोलू म्हणजे ब्राँझवर चढवलेलं खरं सोनं, आणि थर अगदी पातळ. सोनं पाऱ्यात कालवून लेप द्यायचा आणि तापवून पारा उडवायचा, ही पॅरिसची जुनी रीत. त्या वाफेने कारागीर अकाली मरत. ब्राँझकार आंतुआन-आंद्रे राव्ह्रियो १८१४ मध्ये वारला, तेव्हा त्यांना या विषापासून वाचवणारा उपाय शोधणाऱ्यासाठी त्याने मृत्युपत्रात ३००० फ्रँकचं बक्षीस ठेवलं होतं.

निस्तेज भाग दिसला की हात शिवशिवतात. पण तोमीर, गाल या पॅरिसच्या ब्राँझकारांच्या चांगल्या कामात एकाच मूर्तीचे काही भाग मुद्दाम मॅट ठेवलेले असतात आणि काही घोटून चकचकीत केलेले. तो मळ नव्हे! मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, बस्स.

टोले चुकतात? बहुतेक वेळा काटे घाईने पुढे ढकललेले असतात. जुन्या यंत्रात टोले खाचांच्या चाकावर मोजले जातात, काट्यांवर नाही. दर तासाला आणि अर्ध्या तासाला थांबून टोले पूर्ण वाजू द्या. काटे मागे फिरवू नका. चावी पूर्ण असूनही घड्याळ बंद पडत असेल तर टिकटिक ऐका. लंगडी ऐकू आली तर घड्याळ सपाट बसलेलं नाही. आणि जागा बदलताना लंबक काढून ठेवा, हे सांगूनही कोणी ऐकत नाही.

विकत घेताना तबकडीवरच्या नावाला भुलू नका. ते पुष्कळदा दुकानदाराचं असतं. ब्राँझ एकाचं, यंत्र दुसऱ्याचं, विक्री तिसऱ्याची, असा तो धंदा होता. यंत्रामागे व्हिन्सेन्ती या यंत्र बनवणाऱ्याचा शिक्का आणि १८३४ दिसलं, तर ते पदक मिळाल्याचं साल आहे, घड्याळ त्यानंतरचं. लंबक रेशमी दोऱ्यावर असेल तर घड्याळ बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याआधीचं. दोरा काढून पुढे ब्रोको या पॅरिसच्या घड्याळजीच्या पद्धतीची, लंबक टांगायची पोलादी पट्टी बसवलेलीही भरपूर सापडतात, म्हणून मागच्या पत्र्यावर जुन्या जोडणीची रिकामी किंवा बुजवलेली भोकं आहेत का, तेही पाहा.