रायफल बॅरल: स्टेनलेस की क्रोम-मॉली?

रायफलचं बॅरल (नळी) निवडताना आधी कॅलिबर (गोळीची जाडी) आणि वापर ठरवा, मग पोलाद. अमेरिकेत अचूक नेमबाजीसाठीची बहुतेक स्टेनलेस बॅरल्स ४१६आर पोलादाची असतात, क्रोम-मॉली म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम असलेलं ४१४० किंवा ४१५० पोलाद. अचूकता मुख्यतः बोअर (नळीची आतली पोकळी) आणि चेंबर (काडतूस बसतं ती जागा) यांच्या कामावर ठरते. दोन्हींतून उत्तम बॅरल बनतं, त्यामुळे ‘स्टेनलेस म्हणजे आपोआप अचूक’ हे डोक्यातून काढून टाका.

खरा फरक झिजेत आहे. चेंबरच्या लगेच पुढचा भाग, म्हणजे थ्रोट, गरम वायूने आधी झिजतो. ६ मिमी क्रीडमूरसारख्या जास्त दारूच्या ‘गरम’ काडतुसात तो साधारण १५०० फैरींतच संपू शकतो; .३०८ काडतुसाचं बॅरल मात्र ५००० च्या आसपास सहज जातं. स्टेनलेसचा थ्रोट जास्त काळ नेम धरतो, पण मग गट (लक्ष्याच्या कागदावर जवळजवळ पडलेली गोळ्यांची भोकं) अचानक फाटतात. क्रोम-मॉली हळूहळू ढासळतं. बोअरस्कोपमध्ये (नळीच्या आत पाहायच्या दुर्बिणीत) थ्रोटवर मगरीच्या कातडीसारख्या भेगा दिसल्या तरी लगेच बॅरल फेकू नका. निर्णय कागदावरच्या गटांवरून घ्या.

स्टेनलेस गंजत नाही, हा गैरसमज महागात पडतो. ४१६आर कापायला सोपं व्हावं म्हणून त्यात गंधक असतं, त्यामुळे घाम आणि खाऱ्या हवेत त्यावरही डाग पडतात. तेल लावाच. नळी साफ करायचं अमोनियाचं सॉल्व्हंट बोअरमध्ये रात्रभर ठेवू नका. कडाक्याच्या थंडीत शिकार असेल, बॅरल बारीक असेल, तर क्रोम-मॉली घ्या: शून्याच्या बऱ्याच खाली ४१६आर ठिसूळ होतं.

बेंचवर रायफल टेकवून किंवा स्पर्धेत वापरायचं असेल, तर जाड स्टेनलेस.